केळींमागचा बैल

दत्तू, काल संध्याकाळी पडवीत बसल्या बसल्या मी मोठ्यानं म्हणालो, "उगीच काहीतरी फेकू नकोस, पुरावा दाखव." समोरच्या खुर्चीत कुणी नव्हतं. आतून सुमतीनं विचारलं, "अहो, कुणाशी बोलताय?" मी म्हटलं, "दत्तूशी." ती दारात आली आणि म्हणाली, "चहा एकच टाकू ना?" तेव्हा मला रडू आलं. तुझ्या तेराव्याला आलं नव्हतं, ते चहावरून आलं.

शाळेत तुझी शोकसभा झाली. तू ऐकली असतीस तर पोट धरून हसला असतास. कुणी तुला शिस्तप्रिय म्हणालं. एका पायात एक आणि दुसऱ्या पायात दुसरीच चप्पल घालून वर्गावर जाणारा तू, आणि शिस्तप्रिय! कुणी तुला निगर्वी म्हणालं, कुणी मितभाषी. मितभाषी ऐकल्यावर मी इंदूवहिनींकडे पाहिलं, त्याही खाली मान घालून हसत होत्या. सगळे चांगलंच बोलले, पण तुझ्या ग्रहाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मला बोलायला उभं केलं. मी तुझा लहानपणापासूनचा मित्र, त्यातून अलिबागेत वकिली करणारा, म्हणजे बोलायला कमी पडणार नाही अशी सगळ्यांची समजूत. मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि खाली बसलो. जे सांगायचं होतं ते त्या सभेत सांगण्यासारखं नव्हतंच. म्हणून हे तुला लिहितो.

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास तू मुंबईची बरी नोकरी सोडून चौलला परत आलास आणि शाळेत गणित-विज्ञान शिकवायला लागलास. समुद्राच्या वाऱ्याशिवाय झोप लागत नाही, हे तू सगळ्यांना सांगायचास ते कारण. खरं कारण तू कधी सांगितलं नाहीस आणि मीही खोदून विचारलं नाही. नंतर दर सुट्टीत तू मुंबईला जाऊन तिथल्या वाचनालयात दिवस काढायचास. अशाच एका सुट्टीतून परतलास तो घरी न जाता, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून, थेट आमच्या पडवीत येऊन बसलास. पाणीसुद्धा मागितलं नाहीस.

"वकील," तू म्हणालास, "गुरूएवढा मोठा ग्रह ताऱ्याच्या अगदी अंगाला खेटून फिरत असला तर?"

"तर काय?"

"तर तो आपल्याला सापडेल! दुर्बिणीतून दिसणार नाही, पण सापडेल."

कुठल्याशा परदेशी मासिकात कुणी तरी तशी शक्यता मांडली होती. दोन-चार पानंच होती, पण ती वाचून तू पेटला होतास. आपल्या सूर्याचे लहान ग्रह जवळ आणि थोर ग्रह लांब, म्हणून सगळ्यांनी धरून चाललंय की इतर ताऱ्यांकडेही तसंच असणार. लांबच्या थोर ग्रहाला एक फेरी घालायला वर्षानुवर्षं लागतात, तो शोधत कोण बसणार? पण थोर ग्रह जवळ असला तर त्याची फेरी काही दिवसांत पुरी होईल आणि त्याच्या ओढीनं तारासुद्धा भरभर पुढंमागं हलेल.

मी म्हटलं, "आपल्याकडे थोर मंडळी लांब बसतात. तोच दाखला आहे. दाखल्याविरुद्ध बोलायचं तर पुरावा लागतो."

"एका घरावरून साऱ्या गावाची रीत ठरवतोस?" तू म्हणालास. "शोभतं का वकिलाला?"

आपलं भांडण इथं सुरू झालं. ते इतकी वर्षं चालेल असं तेव्हा दोघांपैकी कुणाला वाटलं नव्हतं.

आमची पडवी तुला माझ्याइतकीच पाठ होती, तरी लिहितो, कारण सगळं तिथूनच निघालं. पडवीतून आमचा रहाट दिसत नाही. मधे केळींची दाट रांग आहे. त्या रांगेवर रहाटाच्या उभ्या खांबाचं टोक तेवढं दिसतं. खाली बैल आडव्या वाशाला जुंपलेला असतो, तो गोल फिरतो, खांब फिरतो आणि विहिरीतून लोट्यांची माळ पाणी घेऊन वर येते. ते पाणी पाटानं पोफळींना आणि माडांना जातं. खांबाचं वरचं टोक तुळईच्या भोकात मुद्दाम जरा सैल ठेवलेलं. बैल ज्या बाजूला असेल त्या बाजूला ते किंचित झुकतं. ते घट्ट करून घ्यायचं आमच्याकडे कुणाच्या मनात येत नाही. पडवीत सुपारी कातरत बसलेल्या माणसाला बैल चालतोय की उभ्या उभ्या रवंथ करतोय, हे त्या टोकावरूनच कळतं. टोक हललं नाही की आमचे वडील बसल्या जागेवरून आरोळी ठोकायचे आणि केळींमागे आमचा गडी नाम्या बैलाला हाकायचा.

त्या संध्याकाळी तू त्या टोकाकडे बोट दाखवलंस. "बघ. बैल दिसतोय का?"

"नाही."

"आहे का?"

"असेल. वाऱ्यानंही हलतो खांब."

"वारा असा ठरल्या वेळी येऊन जातो काय रे?"

मी उठलो, केळींमागे गेलो, आमचा चांद्या बैल फिरतोय हे डोळ्यांनी पाहिलं आणि परत येऊन बसलो. "आहे," मी म्हटलं. तू कपाळावर हात मारलास. पुढे हे नेहमीचंच झालं. तू टोक दाखवायचास आणि मी उठून बघून यायचो. पाहिल्याखेरीज मानायचं नाही ही माझी खोड, आणि तुला चिडवायला ती बरी पडायची.

पण खांबाच्या गोष्टीत एक अडचण आहे हे तूच मला सांगितलंस. तारे इतके लांब की त्यांचं डावं-उजवं डुलणं कुणाच्या नजरेला येणं कठीण. त्यांचं आपल्याकडे येणं आणि आपल्यापासून लांब जाणं मात्र उजेडावरून पकडता येतं. लोलकातून ताऱ्याचा उजेड पसरवला की रंगांच्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. तारा आपल्याकडे येत असला की त्या किंचित जांभळ्याकडे सरकतात, लांब जात असला की तांबड्याकडे. ठरावीक दिवसांनी त्या अशा इकडून तिकडे, तिकडून इकडे होत राहिल्या तर समजावं, केळींमागे बैल आहे.

"रेघा सरकतात म्हणे," मी म्हटलं.

मग, उजेडाचं होतं तेच आवाजाचंही होतं हे दाखवायला तू रेवदंड्याहून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला गाठलंस. शाळेसमोरून जाताना हॉर्न दाबून धरायचा, सोडायचा नाही, एवढंच त्याला सांगितलंस. तो म्हणाला, "धरतो मास्तर, पन गाडी आडवी आली त मंग माजं नाव घ्यायचं न्हाय." रस्त्याच्या कडेला तुझा सगळा वर्ग उभा आणि त्यांच्यात कोट घातलेला मी. गाडी बोंबलत आली आणि बोंबलत गेली. बाजारपेठेतली माणसं काय झालं म्हणून बाहेर आली. गाडी समोरून पुढे गेली त्या क्षणी हॉर्नचा सूर खाली उतरला. मुलांनी टाळ्या पिटल्या. तू माझ्याकडे पाहिलंस.

"ड्रायव्हरचा अंगठा सैल पडला असेल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तू स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून हॉर्न दाबलास. जाता जाता खिडकीतून डोकं काढून ओरडलास, "उतरला का रे?" कारण गाडीत बसणाऱ्याला तो उतरलेला ऐकू येत नाही. मी मान हलवली. ती होकाराची की नकाराची ते तुला धावत्या गाडीतून कळलं नाही, आणि मीही नंतर सांगितलं नाही.

रहाट मोडला तो दिवस आठवतोस का? चैत्राचं ऊन होतं. मी अलिबागेस गेलो होतो. तुला सिद्ध करायचं होतं की बैल खांबाच्या जितका जवळ, तितका त्याचा फेरा लवकर आणि खांबाला हिसका जोराचा. आमच्याच चांद्याचं जू तू वाशावर आत सरकवून बांधायला लावलंस. नाम्या नको नको म्हणत होता. मी संध्याकाळी घरी आलो तर खांब तडकलेला, चाकाचे दाते तुटलेले, लोट्यांची माळ विहिरीत आणि चांद्या माडाखाली उभा राहून सगळ्यांकडे संशयानं बघतोय.

नाम्या मला पाहताच म्हणाला, "मी सांगत व्हतो मास्तरांना, बैलाला घेरी येल. ते म्हनतात, ताऱ्याला येत न्हाय मंग बैलाला कशी येल?"

आणि तू? विहिरीच्या काठावर गुडघाभर चिखलात उभा होतास. मला वाटलं होतं तोंड लपवशील. तू दोन्ही हात वर करून ओरडलास, "वकील, हलला! काय जोरात हलला म्हणून सांगू!"

सुमती तुझ्यावर आयुष्यात एकदाच चढ्या आवाजात बोलली, ती त्या दिवशी. "भावजी, पोफळी वाळल्या तर तुमच्या त्या ग्रहावरून आणणार आहात का पाणी?"

सुतार मिळेपर्यंत तू आणि इंदूवहिनी सकाळ-संध्याकाळ येऊन विहिरीतून पोहऱ्यानं पाणी शेंदत होतात आणि पोफळींच्या बुडाशी ओतत होतात. तुझे हात सोलवटले होते. मी तुझ्याशी बोलत नव्हतो. पडवीत बसून नुसता बघत होतो, आणि केळींवरचं टोक नाहीसं झाल्यामुळे समोरचं आभाळ उगीच मोठं दिसत होतं. शेवटी सुतारानं नवा खांब उभा केला आणि विचारलं, "आता वरलं भोक घट्ट बसवू ना?"

"नको!" आपण दोघं एकदमच म्हणालो. मग अबोला धरणं जमण्यासारखं नव्हतं.

तुझं दुःख मला उशिरा कळलं. तू चेष्टेत झाकायचास म्हणून कळलं नाही. तुला दुर्बीण मिळणार नव्हती. त्या कामाला लागणारी यंत्रं कुठे तरी परदेशातल्या डोंगरांवर, आणि ज्यांच्या हातात ती होती ते दुसरंच काही बघत होते. तू म्हणायचास, "कुणी बघत नाही, कारण नसेल असं वाटतं. आणि नसेल असं वाटतं, कारण कुणी बघत नाही." हे म्हणताना तू हसत नसायचास. रशियानं आभाळात कृत्रिम चंद्र सोडला तेव्हा सगळं गाव दिवेलागणीला मान वर करून किनाऱ्यावर उभं होतं. पुढे माणूसही वर जाऊन आला. लोक तुला येऊन म्हणायचे, "मास्तर, आता तुमचे दिवस आले." तू हो हो म्हणायचास. मला तेवढं म्हणालास, "ही मंडळी अंगणात उतरली रे. मी पलीकडच्या गावाचं विचारतोय."

दुर्बीण नाही, तर निदान एक माणूस तुला हवा होता. जाणता, हट्टी, सहजासहजी न बधणारा. त्यानं एकदा म्हणावं, असू शकतं. "आहे म्हणू नकोस," तू मला किती वेळा म्हणालास, "असू शकतं म्हण. त्याला काय पुरावा लागतो?" आणि मी दर वेळी म्हणायचो, "लागतो."

तुझं ऋण मात्र सांगितलं पाहिजे. तुझ्यामुळे मी बरा वकील झालो. साक्षीदार बोलत असला की मी त्याचे शब्द कमी आणि सूर जास्त ऐकायला लागलो. मधूनच ठरावीक जागी सूर डुलला की मला केळी दिसायच्या. मग मी त्यांच्यामागे कोण आहे ते शोधायचो. कोर्टाच्या बाररूममधले वकील विचारायचे, हे कुठे शिकलात? मी म्हणायचो, आमच्या पडवीत. त्यांना तो विनोद वाटायचा.

आता आपल्या शेवटच्या भेटीचा दिवस.

तू ओटीवर खाटेवर होतास. उशांना टेकून बसवलं होतं, कारण आडवं झालं की धाप लागायची. वहिनी पाण्याचा तांब्या ठेवून आत गेल्या. तुझा आवाज खाली गेला होता, पण डोळे तसेच तल्लख होते. मला पाहून म्हणालास, "वकील, आज तरी म्हण."

"काय?"

"वेड पांघरू नकोस. असू शकतं म्हण."

दत्तू, त्या सकाळी मी डॉक्टरांना रस्त्यात गाठलं होतं. आता फार दिवस उरले नाहीत, हे त्यांनी माझ्यापासून लपवलं नव्हतं. हे ठाऊक असलेला माणूस मी तुझ्यासमोर बसलो होतो, आणि तू माझ्या तोंडाकडे असा बघत होतास, जसा इतकी वर्षं त्या टोकाकडे बघत आलास. तू माझ्याकडे ग्रह मागत नव्हतास. ठरल्या ठिकाणी माझा सूर डुलतो का, ते तू ऐकत होतास.

मी म्हटलं, "पुरावा?"

तू हसलास. मग खोकला आला. तो ओसरल्यावर म्हणालास, "जा, जा, केळींमागे बघून ये." मी थोडा वेळ बसलो, शाळेतल्या नव्या हेडमास्तरांची निंदा केली, आणि उठलो. दारात वळून पाहिलं नाही. मी वळून कधीच बघत नसे, मग त्या दिवशी कसा बघणार?

त्यानंतर तू फार दिवस काढले नाहीस. गावातली एक-दोन माणसं मला म्हणाली, जाणाऱ्या माणसाचं मन राखायला काय हरकत होती? मी विषय बदलला. पण बोच होतीच. तू ऐकलेला माझा शेवटचा शब्द नकाराचा होता, आणि तू तो कसा घेतलास हे मला कुणी सांगणारं नव्हतं.

तेराव्याची पंगत उठली, पाहुणे पांगले, मी चपला शोधत होतो. इंदूवहिनी ओटीवर आल्या. "भावजी, थांबा. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर हे काय म्हणाले, ते तुम्हाला सांगायचं राहिलं."

मी खांबाला धरून उभा राहिलो. म्हटलं, सांगा.

"म्हणाले, इंदू, आज मला वाटलं होतं वकील हो म्हणणार. त्याला डॉक्टरांनी काही सांगितलं असतं तर तो हो म्हणाला असता. नेहमीसारखाच नाही म्हणाला, मेला! आणि मग त्यांनी पेज मागितली. चांगली वाटीभर प्यायले, वर मीठ कमी आहे म्हणून मला बोलले."

वहिनी हे सांगताना हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी त्यांना डॉक्टरांबद्दल सांगितलं नाही. ते तुलाच सांगतोय. साक्षीदार पढवल्याचा आरोप माझ्यावर पुष्कळांनी केला असेल, पण खोटी साक्ष मी स्वतः दिली ती एकदाच, तुझ्या खाटेशी बसून. आणि तू, ज्याच्याकडून मी सूर ऐकायला शिकलो, त्या तुला ती पकडता आली नाही. की आली होती, आणि तरी तू पेज मागितलीस? हे मला आता कळणार नाही. त्या दोन्ही दत्तूंवर माझा तेवढाच जीव आहे.

आणि खोटी का म्हणतो, तेही सांगून टाकतो. मला पटलं होतं. कधी पटलं ते सांगता येत नाही. बहुधा त्या हॉर्नच्याच वेळी, किंवा तू चिखलात उभा राहून ओरडलास तेव्हा. पण मी कबूल केलं असतं तर उद्या तू कशाला आला असतास? तुला पटवायला दुसरं कुणी तरी सापडलं असतं. मला भांडायला दुसरा दत्तू सापडला नसता.

अजून कुणाला तसा ग्रह सापडल्याचं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. माझा धाकटा भाऊ म्हणतो, आता रहाट काढून इंजिन बसवू या. बसवू, म्हटलं, पण मी आहे तोवर नको.

काल चहा पिऊन झाला आणि मी तिथंच बसून राहिलो. सुमती माझ्याशेजारी, तुझ्या खुर्चीत येऊन बसली. उन्हं माडांच्या शेंड्यांवर गेली होती. केळी तशाच दाट. वारा पडला होता, पान हलत नव्हतं. केळींवर खांबाचं टोक इकडे झुकलं, मग तिकडे झुकलं, मग पुन्हा इकडे.

सुमती म्हणाली, "बघून येत नाही आज?"

"नाही," मी म्हटलं. "बैल आहे."